नसबंदीनंतर मांजरीची निगा

नसबंदीच्या शस्त्रक्रियेत मांजरीचे बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. छेद पोटाच्या मध्यावर किंवा कुशीत असतो. त्वचा भरून यायला 10 ते 14 दिवस लागतात, पण मांजरी दोन-तीन दिवसांतच कपाटावर उडी मारायला बघते. पोटाच्या स्नायूंचे आतले टाके तेव्हा कच्चेच असतात, त्यामुळे मलूल मांजरीपेक्षा तरतरीत झालेली सांभाळणे अवघड.

पहिली रात्र भुलीच्या अमलात जाते. चालताना झोक जातो, बाहुल्या मोठ्या दिसतात, अंग गार पडते. तिला पलंगावर न ठेवता जमिनीवरच उबदार, शांत कोपरा द्यावा. नीट शुद्धीवर आल्यावर पाणी आणि थोडेसेच खाणे द्यावे. घरातली दुसरी मांजर तिच्यावर फिसकारली तर नवल नाही; दवाखान्याच्या वासामुळे ती ओळखू येत नाही.

जखम दिवसातून दोनदा चांगल्या उजेडात पाहावी. कडा जुळलेल्या आणि किंचित गुलाबी असाव्यात. विरघळणाऱ्या टाक्यांपाशी लहान टणक गाठ हाताला लागते, ती हळूहळू जिरते. पू, दुर्गंधी, वाढती सूज किंवा फाकलेल्या कडा दिसल्या तर थेट डॉक्टर गाठावा. हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या पेशींना इजा होते, म्हणून ते लावू नये. टाके असेपर्यंत आंघोळही नको.

मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात; चाटून चाटून ती टाके उसवते. तोंड जखमेपर्यंत पोहोचू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर त्यासाठीच. कॉलर घातली की मांजरी आधी उलट्या पावलांनी चालते, भिंतींना धडकते, आणि मग दया येऊन ‘थोडा वेळ’ म्हणून ती काढली जाते. टाके नेमके त्याच वेळात तुटतात. त्यापेक्षा उथळ ताटलीत खायला द्यावे, म्हणजे कडा अडत नाही.

माणसांची वेदनाशामके कधीही देऊ नयेत. मांजरीच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा नीट जमत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. हिरड्या पांढुरक्या पडणे, वारंवार उलट्या होणे किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणे ही थांबण्याची वेळ नव्हे.

माजावर असताना शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढचे काही दिवस बोके मागे लागतात. तिला घरातच कोंडावे. पुढे भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, म्हणून जखम भरल्यावर खाणे मोजून द्यावे लागते.