नदीच्या गाळातलं आर्सेनिक आणि सोनं

ओढे-नद्यांच्या तळातला बारीक गाळ तपासून वरच्या अंगाला सोन्याचा साठा आहे का ते शोधायची ही पद्धत, आणि यात खुद्द सोन्यापेक्षा आर्सेनिकवर जास्त भिस्त असते. सोनं गाळात सुट्या कणांनी येतं, एखादा कण नमुन्यात सापडला की आकडा एकदम चढतो आणि शेजारच्या नमुन्यात काहीच नसतं. आर्सेनिक मात्र पाण्यात उतरून लोहाच्या तांबूस ऑक्साइडांना चिकटतं आणि खाली बरंच लांबपर्यंत माग सोडतं. बऱ्याचदा 80 मेशच्या (इंचाला 80 भोकं असलेल्या) चाळणीतून पडलेला गाळच तपासतात.

या आर्सेनिकचं मूळ खनिज बहुतेकदा आर्सेनोपायराइट. लोह, गंधक आणि वजनाने सुमारे 46 टक्के आर्सेनिक, रंग चांदीसारखा करडा, हातोडी मारली की लसणासारखा वास येतो. कर्नाटकातल्या हट्टीला ते सोन्याच्या जोडीने मिळतं, तिथले साठे आर्कियन काळातले, ढोबळमानाने 250 कोटी वर्षं किंवा त्याहून जुने धरतात.

खरा वाद आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याचा. आर्सेनिकयुक्त पायराइटमध्ये (पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज) हे सोनं स्फटिकाच्या जाळीत अणू म्हणून बसलेलं असतं असं काही जण मानतात, तर काहींच्या मते ते नॅनोकणांच्या रूपात असतं. 2005 च्या एका अभ्यासाने मर्यादा सुचवली, सोन्याचं आर्सेनिकशी अणूंचं प्रमाण साधारण 0.02 च्या आत असेल तर सोनं जाळीत मावतं, त्यावर गेलं की कण वेगळे होतात. हेच जास्त पटतं, कारण दोन्ही निरीक्षणांना त्यात जागा मिळते. सोनं विरघळवून काढायला वापरतात त्या सायनाइडला असं सोनं सहज दाद देत नाही, आधी खनिज भाजावं किंवा ऑक्सिडाइझ करावं लागतं आणि मग आर्सेनिकची विल्हेवाट हा मोठाच प्रश्न होऊन बसतो.

ठाणे-नवी मुंबईत हा माग सोन्यापर्यंत नेत नाही. इथला खडक दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, आणि पारसिक डोंगराच्या बाजूच्या खडीच्या खाणींत दिसणारे पांढरे क्वार्ट्झ, झिओलाइट ही खनिजं लाव्हातल्या पोकळ्या भरून झालीत, सोन्याच्या शिरांशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे खाडीच्या किंवा उल्हास नदीच्या गाळात आर्सेनिक मिळालं तर आधी लोहाशी त्याचं प्रमाण बघायचं, मग खालच्या जुन्या थराशी तुलना करायची, आणि वरच जास्त भरलं तर कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बघायचं. पण तेवढ्यावरही लगेच निष्कर्ष काढू नये, कारण आर्सेनिक गाळात आपोआपही वरच्या थरात सरकतं. खारफुटीच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथे नव्याने बनणारं पायराइट आर्सेनिक धरून ठेवतं. तोच चिखल उपसून उघड्यावर टाकला की पायराइट ऑक्सिडाइझ होतं आणि आर्सेनिक परत पाण्यात उतरू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.