खानदेशात बीएमएक्स शर्यती: संघटनेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी बीएमएक्स, म्हणजे उंचवटे आणि वळणे असलेल्या मातीच्या ट्रॅकवर छोट्या सायकलींनी धावायच्या, शर्यतींची एकच संघटना असावी की प्रत्येक जिल्ह्याने आपापली चूल वेगळी मांडावी, हा प्रश्न वरकरणी पदांचा आणि मानापानाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे दोन निरनिराळे इतिहास आहेत. एक या खेळाचा, ज्यात आधी ट्रॅक झाले आणि संघटना त्यांच्या मागून आल्या. दुसरा खानदेशाच्या विभागणीचा, ज्यामुळे ‘खानदेश’ हे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले, पण सरकारी कागदावरून गेले. हे दोन्ही समजून न घेता घटना-नियमावली लिहायला बसले, तर ती कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.

अमेरिकेतील श्विन कंपनीने 1963 मध्ये ‘स्टिंग-रे’ नावाची 20 इंची चाकांची सायकल बाजारात आणली. उंच हँडल आणि लांबट सीट असलेल्या या सायकलवर दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले त्या दशकाच्या अखेरीस मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींच्या, मोटारसायकलस्वारांची नक्कल करीत मोकळ्या जागेतील मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारू लागली. 1970 मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या अवघ्या 13 वर्षांच्या मुलाने पडीक जागेत अशी शर्यत भरवली आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल शर्यतींत स्वतः जिंकलेले चषक वाटून टाकले. तेव्हा ना नोंदणीकृत संस्था होती, ना पंचांची समिती. मुले जमली, शर्यत झाली, निकालावरून वाद झाले आणि त्या वादांतून नियमांची गरज निर्माण झाली.

नियम करणाऱ्या संस्था त्यानंतरच्या. 1974 मध्ये फ्लोरिडात जॉर्ज एसर यांनी ‘नॅशनल बायसिकल लीग’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था उभी केली, तर 1977 मध्ये अ‍ॅरिझोनात ‘अमेरिकन बायसिकल असोसिएशन’ स्थापन झाली, जी व्यवसाय म्हणून चालवली जात असे. दोन्ही संस्था स्थानिक ट्रॅकना मान्यता देत, सभासदत्वाची फी घेत आणि गुणांचा हिशेब ठेवत. मात्र निकाल काढण्याची त्यांची रीत वेगळी होती, आणि हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

एका शर्यतीत जास्तीत जास्त 8 स्वार असतात आणि 300 ते 400 मीटरचा ट्रॅक जेमतेम 40 सेकंदांत संपतो, त्यामुळे एकाच फेरीवर निकाल लावणे कोणालाच पटत नाही. ‘लीग’च्या पद्धतीत सर्वांनी सर्व प्राथमिक फेऱ्या धावायच्या आणि क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी तो वर. समजा, एका मुलाचे क्रमांक 2, 8 आणि 1 आले, तर त्याची बेरीज 11 होते. दुसरा तिन्ही वेळा तिसरा आला, तर त्याची 9. म्हणजे एकदाही न जिंकलेला दुसरा मुलगा वरचढ ठरतो, आणि पहिल्याला वळणावर एकदा पडल्याची किंमत मोजावी लागते. ‘असोसिएशन’च्या पद्धतीत फेरी जिंकणारा तिथूनच पुढच्या टप्प्यात जाई आणि उरलेल्यांना पुढील फेऱ्यांत पुन्हा संधी मिळे. यात एकदा पडलेला मुलगा बाद होत नसे, पण जिंकणाऱ्याच्या वाट्याला कमी शर्यती येत. नव्या भागात, जिथे मुले दूरवरून येणार आणि त्यांना ट्रॅकवरचा सराव फारसा मिळणार नाही, तिथे बेरजेची पद्धत अधिक उपयोगी असे माझे मत आहे. तीत प्रत्येक मुलगा निदान तीनदा धावतो, आणि फलकावर लावलेला निकाल कोणत्याही पालकाला बोटांवर मोजून पडताळता येतो.

दोन्ही संस्थांची चढाओढ तीन दशकांहून अधिक काळ चालली आणि 2011 मध्ये त्या एकत्र येऊन ‘यूएसए बीएमएक्स’ झाली. युरोपात हा खेळ रुजवण्याचे श्रेय मुख्यतः नेदरलँड्सच्या गेरिट डूस यांच्याकडे जाते. 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय बीएमएक्स महासंघ स्थापन झाला, 1982 मध्ये ओहायोतील डेटन येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 1993 मध्ये हा महासंघ आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेत, म्हणजे यूसीआयमध्ये, विलीन झाला. 2003 मध्ये ऑलिम्पिक समितीने या खेळाला मान्यता दिली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये लाटव्हियाचा मारिस श्ट्रोम्बेर्ग्स व फ्रान्सची अ‍ॅन-कॅरोलिन शोसों हे पहिले विजेते ठरले.

ऑलिम्पिकमुळे खेळाला प्रतिष्ठा मिळाली, पण स्थानिक संघटनांपुढे एक अडचणही उभी राहिली. ऑलिम्पिकच्या ट्रॅकची सुरुवातीची टेकडी 8 मीटर उंचीची असते, आणि ती पाहून आपल्याकडेही तसेच काही बांधावे असा मोह होतो. साध्या शर्यतींच्या ट्रॅकला 5 मीटरची किंवा त्याहून कमी उंचीची टेकडी पुरते, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी तीही कमी नाही.

भारतातील चित्र वेगळे होते. महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटले की मुंबई-पुणे शर्यत आणि ती जिंकणाऱ्याने बोरघाटात घेतलेली आघाडी आठवते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमुळे बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींसाठीचा कलत्या वळणांचा गोलाकार ट्रॅक, आले. संघटनेचा साचाही रस्ता आणि वेलोड्रोम डोळ्यांपुढे ठेवूनच घडला: जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना, तिच्यावर भारतीय सायकलिंग महासंघ. या साच्यात खेळाडूची निवड होते, प्रमाणपत्र मिळते, आणि शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणामुळे त्या प्रमाणपत्राला घराघरांत मोल आहे. मात्र या साच्यात ट्रॅकला जागा नाही. अमेरिकेत ट्रॅक चालवणारे पालक हे संघटनेचे मूळ घटक होते. आपल्याकडे आधी अध्यक्ष, सचिव, शिक्का आणि लेटरहेड तयार होतात, आणि मैदान मिळाले तर मिळाले. रस्त्यावरच्या शर्यतीला हे चालून जाते, कारण रस्ता सरकार बांधते. बीएमएक्सला ते चालत नाही.

आता खानदेशाकडे वळू. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्यालय जळगाव, पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर या जिल्ह्यांना मुख्यालयांची नावे मिळाली आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. परिणामी ‘खानदेश’ नावाच्या संघटनेला राज्य संघटनेच्या रचनेत जागाच नाही. राज्य स्पर्धेसाठी खेळाडूंच्या प्रवेशिका जिल्ह्यांकडूनच जाणार. म्हणून तिन्ही जिल्हा संघटना मोडून एक करण्यापेक्षा, त्या तशाच ठेवून शर्यतींची मालिका, गुणतक्ता आणि पंच एवढेच सामाईक ठेवणारे मंडळ हा व्यवहार्य मार्ग दिसतो. अमेरिकेतील डिस्ट्रिक्टची कल्पना याच्या जवळची होती. तिथे राज्याचे लहान विभाग पाडून प्रत्येक विभागाचा गुणतक्ता वेगळा ठेवत आणि वर्षअखेरीस पहिल्या आलेल्या मुलाला सायकलवर 1 क्रमांकाची पाटी लावण्याचा मान मिळे. त्या पाटीसाठी मुले वर्षभर गावोगावच्या ट्रॅकवर जात, आणि त्यांच्या प्रवेश फीवर ते ट्रॅक चालत.

असा विभाग एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढाच असावा लागतो. भुसावळ-सुरत रेल्वेमार्ग जळगाव, अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबार या गावांना एका ओळीत जोडतो. धुळे मात्र चाळीसगावच्या फाट्यावर असल्याने तिथे जळगावहून रस्त्यानेच, नव्वदएक किलोमीटर, जावे लागते. शर्यतींचे वेळापत्रक ठरवताना हा नकाशा समोर ठेवावा लागेल.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी माती कापसाला आणि केळीला वरदान असली, तरी ट्रॅकला घातक आहे. पावसात ती फुगते, चिकट होते, आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे काळी माती उकरून खाली मुरूम भरावा लागतो, त्यावर चिकणमाती व बारीक मुरमाचा थर पाणी मारून रोलरने दाबावा लागतो, आणि उड्यांच्या उतारावर हाच थर फावड्याच्या पाठीने चोपावा लागतो. पूर्वी मळणीआधी खळे तयार करायचे ते याच जातीचे काम, आणि ते केलेली माणसे खेडोपाडी अजून आहेत. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयातून परवाना घेऊन स्वामित्वधन भरावे लागते; ते न करता ट्रॅक्टर भरले, तर संघटनेची सुरुवातच दंडाच्या नोटिशीने होते. शिवाय पहिला पाऊस पडला की वळणांचे बांध खचतात. म्हणजे ट्रॅक एकदा बांधून भागत नाही, दर दिवाळीनंतर तो निम्मा पुन्हा बांधावा लागतो. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात हा खेळ झपाट्याने पसरला, ठिकठिकाणी ट्रॅक झाले, आणि लाट ओसरल्यावर त्यांतले कित्येक गवताखाली गेले; तिथे तर उन्हाने भेगा पडण्याचीही भीती नव्हती.

नोंदणीचा भाग थोडक्यात. महाराष्ट्रात अशा संस्था संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखाली नोंदवल्या जातात. कार्यकारिणी बदलली की कलम 22 नुसार 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो राहून गेला की जुनी आणि नवी अशा दोन कार्यकारिणी एकाच नावावर हक्क सांगू लागतात, आणि खेळाडूंना प्रमाणपत्र कोणाचे ग्राह्य धरायचे हे कळत नाही. राष्ट्रीय महासंघांच्या पदांना 2011 च्या क्रीडा संहितेने वय आणि कार्यकाळाची मर्यादा घातली. जिल्हा पातळीवर ती आपल्याच घटनेत लिहून घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

मुलींचा प्रश्न स्वतंत्र आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात मुलींच्या गटाला ‘पावडर पफ’ असे थट्टेचे नाव होते; पुढे ते गेले आणि मुलींचे वयोगट मुलांप्रमाणेच रीतसर आखले गेले. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत, आणि अशा गावांत खडबडीत वाटेवरून रोज सायकल चालवणाऱ्या मुली आहेत. शर्यतीला लागणारा तोल त्यांच्याकडे आहे. 20 इंची सायकल, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि हातमोजे त्यांच्याकडे नाहीत. मंडळाने स्वतःच्या मालकीच्या चार-सहा सायकली आणि तेवढीच हेल्मेट ठेवून ती शर्यतीच्या दिवशी नोंदणी टेबलावर सहीनिशी द्यावीत, हा खर्च चषकांच्या आणि बॅनरच्या आधी येतो.

सुरुवातीच्या गेटबद्दलही, म्हणजे शर्यत सुटेपर्यंत सायकलींची पुढची चाके अडवणाऱ्या फळीबद्दलही, असेच. पूर्वी गेट हाताने पाडत, आणि गेट पाडणाऱ्याची सवय ओळखणारा मुलगा पहिल्या उतारावरच पुढे जाई. आताच्या यंत्रात ध्वनिमुद्रित सूचनेनंतर गेट पडायला 0.1 ते 2.7 सेकंदांचा कोणताही अवधी लागू शकतो, त्यामुळे अंदाज बांधून सुटता येत नाही. हे यंत्र तिन्ही जिल्ह्यांत मिळून एकच घेतले आणि शर्यतींच्या तारखा एकमेकींवर येऊ दिल्या नाहीत, तर ते दिवाळीपासून होळीपर्यंत ट्रॅकमागून ट्रॅक फिरवता येईल.