उद्घाटनाची वेळ हल्लेखोरालाही ठाऊक असते

2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर 2025 मध्ये ग्लासगोत ठरलं. खानदेशासाठी ही लांबची बातमी नाही. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत नवजीवन एक्सप्रेस थेट अहमदाबादला जाते आणि नवापूरचं रेल्वे स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. दिल्लीच्या 2010 च्या स्पर्धांनंतर एवढा मोठा सोहळा आपल्या इतक्या जवळ पहिल्यांदाच येतोय. इथून प्रेक्षक जातील, स्वयंसेवक जातील, कामाची कंत्राटं घेणारेही जातील. म्हणून अशा स्पर्धांवर संगणकाच्या वाटेने आजवर काय काय झालं, ते आपल्याला आत्ताच माहीत असायला हवं.

या हल्ल्यांचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. विद्यापीठाचा पेपर पुढे ढकलता येतो, बँक एक दिवस सर्व्हर बंद ठेवू शकते. उद्घाटन सोहळ्याला ती सोय नाही. टोकियोची स्पर्धा कोविडमुळे वर्षभर लांबली खरी, पण सायबर हल्ला झाला म्हणून ऑलिंपिक पुढे गेलं असं कधी घडलेलं नाही. तारीख आणि वेळ काही वर्षं आधी साऱ्या जगाला कळते, हल्लेखोरालाही कळते. त्यात तिकिटं, प्रवेशद्वारं, गुणफलक, दिवे, खेळाडूंच्या वैद्यकीय नोंदी असं सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. हे जाळं अनेक कंत्राटदार घाईत उभारतात आणि स्पर्धा संपली की ते मोडलं जातं.

ही यंत्रणा किती नाजूक असते ते 1996 लाच अटलांटा ऑलिंपिकमध्ये दिसलं होतं. तिथल्या संगणकांवर कोणी हल्ला केला नव्हता, तरी निकाल वृत्तसंस्थांपर्यंत पोचवणारी संगणकव्यवस्था कोलमडली आणि आयोजकांची शोभा झाली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास प्रकार जास्त गंभीर होता. व्होडाफोनच्या ग्रीसमधल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कोणीतरी चोरून सॉफ्टवेअर घातलं आणि पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले गेले. ही चोरी मार्च 2005 मध्ये सापडली आणि लोकांना 2006 मध्ये कळली. तोवर स्पर्धा कधीच आटोपली होती.

लंडन ऑलिंपिकचं 27 जुलै 2012 रोजी उद्घाटन होतं. स्टेडियमच्या वीजपुरवठ्यावर हल्ला होऊ शकतो, असा इशारा सुरक्षाप्रमुखांना त्याच दिवशी पहाटे फोनवर मिळाला. पुढे ऑलिंपिक पार्कच्या वीजयंत्रणेवर सुमारे चाळीस मिनिटं बनावट विनंत्यांचा भडिमार झाला. तो परतवला गेला, पण धोका टळला याची खात्री कोणालाच नव्हती, म्हणून यंत्रणा हाताने चालवायची तयारी ठेवली होती. दिवे गेलेच तर तीस सेकंदांत परत येतील, असं अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं. भारनियमनात वाढलेल्या आपल्या भागाला तीस सेकंद म्हणजे काहीच वाटणार नाहीत. त्या रात्री, सारं जग पाहत असताना, तेवढ्या अंधारानेही लंडनची लाज गेली असती.

रिओच्या 2016 च्या स्पर्धेत रोख खेळाडूंवर वळला. रशियातल्या सरकारी डोपिंगचा मॅक्लारेन अहवाल जुलैत आला होता आणि रशियाच्या अनेक खेळाडूंना बंदीला सामोरं जावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये, डोपिंगला वाचा फोडणाऱ्या धावपटू युलिया स्तेपानोवा यांच्या खात्यात घुसखोरी झाली. सप्टेंबरमध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, डेटाबेसमधल्या वैद्यकीय नोंदी चव्हाट्यावर आल्या. सिमोन बाइल्स आणि विल्यम्स भगिनी यांनी नियमानुसार परवानगी घेऊन औषधं घेतली होती, त्यांच्याकडून कुठलाही नियमभंग झाला नव्हता. तरी जगासमोर चित्र असं मांडलं गेलं की याच चोर आहेत. मला हा प्रकार सगळ्यांत क्रूर वाटतो. वीज परत आणता येते, पण एखाद्या मुलीच्या आजाराची गोष्ट एकदा जगभर झाली की ती परत झाकता येत नाही. या घुसखोरीबद्दल दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, अमेरिकेने रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सात जणांवर आरोप ठेवले. त्यांतले काही जण स्वतः रिओला आणि नंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जाऊन उत्तेजकविरोधी अधिकाऱ्यांच्या हॉटेलांच्या वाय-फायमध्ये शिरले होते, असं आरोपपत्र सांगतं.

मग प्योंगचँग. दक्षिण कोरियातल्या या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन 9 फेब्रुवारी 2018 ला रात्री आठला होतं. सोहळा सुरू होत असतानाच सर्व्हर एकामागून एक पडू लागले. स्टेडियमचं वाय-फाय गेलं, पत्रकार कक्षातले टीव्ही बंद पडले, संकेतस्थळ बसलं आणि काही प्रेक्षकांना तिकिटंच छापता येईनात. घुसलेलं सॉफ्टवेअर चोरलेले पासवर्ड वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होतं आणि संगणक पुन्हा सुरूच होणार नाही अशा बेताने फाइली पुसत होतं. कोरियन तंत्रज्ञांनी रात्रभर खपून यंत्रणा इंटरनेटपासून तोडली, पासवर्ड बदलले आणि सुमारे बारा तासांत, सकाळचे खेळ सुरू व्हायच्या आत, सगळं पुन्हा उभं केलं. त्या माणसांना पदकं मिळाली नाहीत, पण त्या स्पर्धेतली ही कामगिरी मी कुठल्याही पदकाच्या खाली ठेवणार नाही.

या सॉफ्टवेअरला ‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’ असं नाव पडलं. त्यात मुद्दाम उत्तर कोरियाच्या टोळीच्या खुणा पेरलेल्या होत्या आणि सुरुवातीला अनेक जाणकार चकले. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्या खुणा बनावट असल्याचं दाखवून दिलं. या हल्ल्याबद्दल ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेने जीआरयूच्या 74455 या तुकडीतल्या सहा जणांवर आरोप ठेवले. युक्रेनची वीज पाडल्याचा आरोपही याच तुकडीवर आहे. डोपिंगमुळे त्या स्पर्धेत रशियाला आपल्या झेंड्याखाली उतरता आलं नव्हतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर आयोजक सावध झाले. टोकियोत 45 कोटी संशयास्पद प्रयत्न अडवल्याचं यंत्रणा सांभाळणाऱ्या एनटीटी या जपानी दूरसंचार कंपनीने सांगितलं. पॅरिसमध्ये 2024 ला तलवारबाजीचे सामने जिथे झाले, त्या ग्रां पॅलेशी जोडलेल्या संग्रहालय संस्थेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, पण सामने सुरूच राहिले.

आपल्याकडे मोठ्या राष्ट्रांच्या हेरांआधी भुरटे पोचले आहेत. 2022 मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतात खेळपट्टी करून, मजुरांना टीमचे कपडे घालून बनावट आयपीएल यूट्यूबवर दाखवली जात होती. त्यावर रशियातले लोक सट्टा लावत होते. पुढच्या वर्षी विश्वचषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्याची खोटी तिकिटं छापणारे अहमदाबादेत पकडले गेले. 2030 ला तिकिटाची लिंक व्हॉट्सॲपवर येईल आणि पैसे जळगाव-धुळ्याच्या खात्यांतून जातील. फसवणूक कळताक्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता असते, उशीर केला तर ती खात्याखात्यांतून पसार होते.

त्याहून मोठी काळजी मला स्पर्धेआधीच्या काळाची वाटते. प्योंगचँगच्या आरोपपत्रानुसार फसवे ईमेल आणि खोटी मोबाइल ॲप्स पाठवणं डिसेंबर 2017 मध्येच, उद्घाटनाच्या दोन महिने आधी, सुरू झालं होतं. ते कोरियन नागरिक, खेळाडू, भागीदार कंपन्या आणि ऑलिंपिक अधिकाऱ्यांना गेले होते. अहमदाबादच्या कामांतही जेवण पुरवणारे, बस लावणारे, कार्ड छापणारे छोटे कंत्राटदार लागतील आणि जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं तांत्रिक मदतीला घेतली जातील. ज्याच्याकडे आयोजन समितीच्या यंत्रणेचा एक जरी पासवर्ड असेल, त्याचं प्रशिक्षण कंत्राटावर सही होते त्या दिवशी सुरू व्हायला हवं, आणि त्याचा खर्च त्या छोट्या माणसावर न टाकता आयोजकांनी करायला हवा.