वैमानिकासह किंवा वैमानिकाविना उडणारी एअरशिप

हेलियमसारख्या हलक्या वायूवर तरंगणारे आणि इंजिनाच्या जोरावर हव्या त्या दिशेला नेता येणारे यान म्हणजे एअरशिप. काही एअरशिपमध्ये वैमानिकाचा कक्ष असतो, पण तो रिकामा ठेवूनही जमिनीवरून किंवा संगणकाच्या आधारे उड्डाण करता येते.

या दुहेरी सोयीमागचे कारण साधे आहे. विमानाला हवेत टिकायला सतत वेग लागतो. एअरशिपचा बराचसा भार हेलियमच पेलतो. त्यामुळे ती एकाच मुलखावर दिवसच्या दिवस थांबू शकते. माणूस मात्र इतके दिवस जागू शकत नाही. पाळ्या लावून वैमानिक नेले, तर त्यांचे अन्नपाणी, प्राणवायू आणि झोपण्याची जागा यांचा भार कॅमेरे व रडारच्या वाट्यातून जातो. याउलट नव्या यानाच्या चाचण्या घेताना आणि प्रवासी विमानांच्या वर्दळीतून यान नेताना आत जाणता माणूस असलेला बरा.

या कल्पनेचा एक मोठा प्रयोग अमेरिकी सैन्याने केला. २०१० मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकी संरक्षण कंपनीला सुमारे ५१.७ कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. यान घडवले ब्रिटनच्या हायब्रिड एअर व्हेइकल्सने. सुमारे ९१ मीटर लांबीच्या, एलईएमव्ही नावाच्या या टेहळणी यानाने सुमारे ६ किलोमीटर उंचीवर, आत कोणीही नसताना, तीन आठवडे टेहळणी करावी अशी अपेक्षा होती. ७ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्टहून ते उडाले, पण वैमानिकासह. २०१३ च्या आरंभी प्रकल्प बंद पडला आणि यान ब्रिटिश कंपनीने अवघ्या ३ लाख १ हजार डॉलरला परत घेतले.

पुढे ते ‘एअरलँडर १०’ म्हणून इंग्लंडमधील कार्डिंग्टनच्या जुन्या एअरशिप-शेडमध्ये पुन्हा उभे राहिले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीकडे निघालेली आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळलेली आर-१०१ ही ब्रिटिश एअरशिपही इथलीच. त्या अपघातात ४८ जण दगावले होते.

एअरशिपची खरी कसोटी जमिनीजवळ लागते, आणि तिथे वैमानिक असला-नसला तरी धोका उरतोच. २४ ऑगस्ट २०१६ रोजी, वैमानिक आत असताना, एअरलँडर उतरताना नाकावर आदळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते बांधल्या खांबावरून सुटले, तेव्हा आत कोणीच नव्हते. यान भरकटू नये म्हणून बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेने त्याचे कवच आपोआप फाडले आणि हेलियम सोडून दिला.