रंग नंतर, आधी दिव्याची जागा

रॉक गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरलं की बेळगावातल्या कॉलेजच्या पोरांत पहिला वाद ठरलेला. "लाल मारूया की निळा?" लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, जांभळा म्हणजे काहीतरी गूढ. रिमोटवर रंग बदलणारे एलईडी दिवे स्वस्त झाल्यापासून हा समज आणखीच पक्का झालाय. रंगाला काहीच अर्थ नसतो असं नाही. पण गाण्याचा मूड ठरवताना त्याचा नंबर दुसरा. पहिला मान दिव्याच्या जागेचा.

पुरावा हवा तर उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत ओतकाम चालू असताना बघा. वितळलेलं लोखंड साधारण 1400 अंश सेल्सिअसला साच्यात पडतं. त्याचा उजेड पिवळट नारिंगी, देवघरातल्या समईच्याच जातकुळीतला. समईशेजारी बसलेली आजी त्या रंगात शांत, प्रेमळ दिसते. फौंड्रीत तोच रंग ओतणाऱ्याच्या हनुवटीखालून येतो. नाकपुड्या उजळतात, भुवयांच्या सावल्या कपाळावर चढतात, आणि रोज टपरीवर आपल्यासोबत चहा पिणारा माणूस क्षणभर ओळखू येत नाही.

असं का होतं, हा यातला माझा सगळ्यात लाडका भाग.

एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडणार, हे तो दिव्याशी किती तिरका आहे त्यावर ठरतं. थेट समोर असेल तर पूर्ण, 60 अंश कलला तर निम्मा, 80 अंशांवर जेमतेम सहावा हिस्सा. लॅम्बर्टने 1760 मध्ये मांडलेला हा कोसाइनचा नियम दहावीच्या त्रिकोणमितीत बसतो. चेहऱ्याचे चढउतार या हिशेबाने उजेड-सावलीत उतरतात. मेंदूला मात्र हेच गणित उलट्या बाजूने सोडवायचं असतं. हाती फक्त उजेड-सावली, त्यावरून आकार शोधायचा. आणि उत्तरं निघतात दोन! वरून उजेड पडलेला उंचवटा आणि खालून उजेड पडलेला खळगा यांची डोळ्यात उमटणारी प्रतिमा अगदी सारखी असू शकते.

ही अडचण मेंदू एका गृहीतावर निभावून नेतो: उजेड वरूनच येतो. चेन्नईत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये हे साध्या वर्तुळांवर दाखवलं. वरची बाजू उजळ आणि खालची काळपट असलेलं वर्तुळ फुगीर दिसतं, उलटं केलं की खोलगट. त्यातली खरी गंमत पुढेच आहे. हे 'वर' आकाशाच्या हिशेबाने ठरत नाही, आपल्या डोक्याच्या हिशेबाने ठरतं. चित्र भिंतीवर तसंच ठेवून तुम्ही वाकून पायांच्या मधून बघितलंत, तर उंचवट्यांचे खळगे होतात. घरी करून बघायचं असेल तर इडलीपात्राची थाळी खिडकीजवळ ठेवा आणि खिडकी फोटोच्या वरच्या बाजूला येईल असा फोटो काढा. खळगे खळगेच दिसतील. आता तो फोटो उलटा करा. थाळीवर इडल्या उगवलेल्या दिसतात.

चेहऱ्याच्या बाबतीत मेंदू इतका सहज फसत नाही, कारण नाक बाहेर असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण खालून आलेल्या उजेडात सावल्या एक सांगतात आणि अनुभव दुसरंच. ओळख पटायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात अंगावर काटा येतो. खानापूरकडच्या रानवाटांवरच्या भुताच्या निम्म्या गोष्टी कोणीतरी कंदील कमरेच्या उंचीवर धरल्यामुळे जन्मल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

उजेड नेहमीप्रमाणे वरूनच, पण एकट्याच दिव्याचा आणि अगदी डोक्यावरून आला तर? क्वीन बँडचा 1975 चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ आठवा. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर चार चेहरे, गालफडं चमकतायत, डोळ्यांच्या खोबणी अंधारात. ही रचना त्यांच्याच 1974 च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची. ते छायाचित्र मिक रॉकने काढलं होतं, आणि त्यामागची प्रेरणा होती 1932 च्या एका सिनेमातली नटी मार्लिन डीट्रिख. डोळे दिसले नाहीत की माणसाच्या मनातलं कळत नाही, आणि चेहऱ्याचा पुतळा होतो. मधला गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला आपल्या पाचगणीत होता, हे जाता जाता.

आता रंगाकडे. लाल बल्बने रक्तदाब चढतो आणि निळ्याने उतरतो, अमुक रंगाचा दिवा लावला की घरातली भांडणं मिटतात, असले मेसेज फिरत असतात आणि त्यांच्या जोरावर दिवे विकले जातात. एवढं खरं, की डोळ्यांत 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला दाद देणाऱ्या खास पेशी असतात आणि त्यांचा संबंध झोपेच्या वेळापत्रकाशी आहे. पण त्यावरून चार मिनिटांच्या गाण्यात निळ्या दिव्याने कोणी उदास होतं असं म्हणता येत नाही. तिथे काम करते ती सवय. सिनेमातली रात्र वर्षानुवर्षं निळी दाखवली गेली, म्हणून आपल्याला चांदणं निळं वाटतं. प्रत्यक्षात ते सूर्याचाच परतलेला उजेड, किंचित तांबूसच.

राहिला धूर. शिवजयंतीच्या चित्ररथांवरही तो सोडतात, पण बऱ्याचदा दिवा प्रेक्षकांच्या बाजूने मारतात आणि मग नुसता पांढरट पडदा दिसतो. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असतात. असे कण बराचसा प्रकाश पुढच्या दिशेनेच विखुरतात, मागे फार थोडा येतो; म्हणून दिवा धुरामागून आपल्याकडे तोंड करून असला की धूर उजळतो. चोर्ला घाटात धुकं उतरलं की समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती उजेडाचा गोळा पसरतो, तो यामुळेच. म्हणून निर्वाणा या रॉक बँडच्या 1991 च्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या व्हिडिओतली ती धुरकट, पिवळट व्यायामशाळा बघताना रंगाआधी दिवे कुठे आहेत ते शोधा. तुमच्याकडे एकच दिवा असेल तर तो ड्रमरच्या मागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून पण थेट लेन्समध्ये घुसणार नाही असा लावा. पंखे बंद करा, धूर खोलीभर सारखा पसरू द्या, आणि मगच पहिला टेक घ्या.