रोजचा रोज पगार: प्लेगच्या साथीतलं गिरणगाव

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू झालेला साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. तो झाला मुंबईतल्या प्लेगमुळे. रँडचा खून आणि चापेकर बंधू यांमुळे त्या प्लेगची आठवण पुण्याला चिकटली. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत काय घडत होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. पालिकेने रोग्यांना सक्तीने हलवायला सुरुवात केली. इस्पितळात गेलेला परत येत नाही, हा चाळीचाळीतला समज. आणि तिथले मृत्यू पाहता तो अगदीच निराधार नव्हता. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर (आजचं कस्तुरबा) चालून गेले. त्यानंतर सक्ती काहीशी सैल झाली.

मालकांना मात्र खरा हिसका बसला तो माणसं गावाला निघून गेल्याचा. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास. त्यातले पावणेचार लाखांहून अधिक लोक फेब्रुवारी १८९७ पर्यंत बाहेर पडले होते. कुणी रत्नागिरीकडे, कुणी घाटावर. गिरण्यांत माणूस मिळेना.

एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात केव्हातरी हातात पडे. म्हणजे काही आठवड्यांची कमाई कायम मालकाकडे अडकलेली. मध्येच काम सोडलं की तिच्यावर पाणी. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज चालूच. आता उद्याचा भरवसा नसलेला माणूस महिनाभर कशाला थांबेल? कामगार रोजचा रोज पगार मागू लागले आणि मालकांना तो द्यावा लागला, तोही चढ्या दराने. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली. एका गिरणीने दर चढवला की माणसं तिकडे. साथ उतरणीला लागताच मालकांनी जुनी पद्धत परत आणायला घेतली, त्यावरून १८९७ मध्येच संप झाले.

हे सगळं संघटनेविना. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. पण असोसिएशनला ना वर्गणीदार सभासद होते ना निधी. खुद्द लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले.

९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला जुलाहा विणकरांनी अडवलं आणि दंगल पेटली. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवाल्यांनी काम बंद केलं. त्याच वर्षी शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगट वस्त्या म्हणून त्याने चाळी पाडल्या. पाडल्या तेवढ्या खोल्या काही बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत जास्त भाडं भरून राहू लागली.