एकही सामना न झालेला हंगाम: ऑन्टॅरिओ हॉकी लीग 2020-21ची पार्श्वभूमी

ऑन्टॅरिओ या कॅनडाच्या प्रांतातील आइस हॉकी स्पर्धेच्या, म्हणजे ऑन्टॅरिओ हॉकी लीगच्या नोंदींत 2020-21 या हंगामासमोर विजेत्याचे नाव नाही, गुणतक्ता नाही आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचाही उल्लेख नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ, क्युबेक आणि पश्चिमेकडील या तिन्ही प्रमुख ज्युनियर (सोळा ते वीस वर्षांच्या खेळाडूंच्या) लीगांपैकी त्या वर्षी एकही सामना न खेळलेली ही एकमेव लीग ठरली. कोविडची साथ तिन्हीकडे होती. मग फरक का पडला, हे समजून घ्यायचे तर ऑक्टोबर 2020 ते एप्रिल 2021 या सात महिन्यांतील घडामोडी आणि त्यातही ‘बॉडी चेकिंग’ (प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडकून अडवणे) या एका शब्दाभोवती झालेला वाद बारकाईने पाहावा लागतो.

या लीगचा इतिहास बराच जुना असला तरी येथे त्यातील मोजकेच टप्पे पुरेसे आहेत. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ मेमोरियल कप हा ज्युनियर हॉकीचा राष्ट्रीय चषक सुरू झाला तो 1919च्या मार्चमध्ये, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना. त्याच वसंतात सिएटलमधील स्टॅन्ली कप या व्यावसायिक चषकाची अंतिम लढत साथीमुळे अर्धवट सोडावी लागली, पण ज्युनियरांचा चषक मात्र दिला गेला. 1970मध्ये ज्युनियर हॉकीची वरची श्रेणी स्वतंत्र झाली, 1972पासून तीन लीगांचे विजेते एकत्र खेळू लागले आणि 1980मध्ये ऑन्टॅरिओतील लीगने आजचे नाव घेतले. शंभर वर्षांत हा चषक कधीही रिकामा राहिला नव्हता. 2020 आणि 2021 अशी सलग दोन वर्षे तो कोणालाच मिळाला नाही.

2019-20चा हंगाम 12 मार्च 2020 रोजी थांबवण्यात आला, 18 मार्चला उरलेले साखळी सामने रद्द झाले आणि 23 मार्चला बाद फेरी व केलोना येथे होणारी मेमोरियल कप स्पर्धाही रद्द झाली. त्या वेळी ओटावाचा संघ 62 सामन्यांत 50 विजय मिळवून आघाडीवर होता आणि त्याच संघाच्या ऑस्ट्रियन सेंटरने (मधल्या आघाडीपटूने) 56 सामन्यांत 120 गुण (गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून) नोंदवले होते. असा हंगाम अपुरा राहणे क्लेशदायक होते. परंतु तेव्हा सर्वच खेळ थांबले होते आणि निर्णयाविषयी फारसे दुमत नव्हते. दुमत सुरू झाले ते त्यानंतर.

ऑगस्ट 2020मध्ये लीगने 1 डिसेंबरपासून 64 सामन्यांचा हंगाम जाहीर केला. 29 ऑक्टोबरला ती तारीख 4 फेब्रुवारी 2021वर गेली आणि सामने 40वर आले. लगेच दुसऱ्या दिवशी प्रांताच्या क्रीडाखात्याच्या मंत्र्यांनी सांगितले की खेळ सुरू करायचा असेल तर तो बॉडी चेकिंगशिवाय खेळावा लागेल. मंत्र्यांसमोर क्युबेकचे उदाहरण होते. तेथील लीग 2 ऑक्टोबरला सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस एकमेकांशी खेळलेल्या दोन संघांपैकी एकात 18 आणि दुसऱ्यात 8 जण बाधित आढळले होते. प्रांताच्या प्रीमियरांनी (सरकारप्रमुखांनी) मात्र लगेचच जाहीर केले की असा कोणताही अंतिम निर्णय झालेला नाही आणि अंगाची धडक असलेलाच खेळ आपल्याला पाहायला आवडेल. एकाच सरकारमधील दोन जबाबदार व्यक्तींनी दिलेल्या या दोन उत्तरांमुळे संघ, पालक आणि सोळा ते वीस वर्षांचे खेळाडू नेमके कशाची तयारी करावी, याबाबत संभ्रमात पडले.

या वादाचे मूळ शब्दांच्या गोंधळात आहे. साथीच्या काळातील प्रांताच्या नियमावलीत ‘दीर्घकाळ किंवा हेतुपुरस्सर शारीरिक संपर्क’ येणाऱ्या सांघिक खेळांना मनाई होती, आणि खेळात बदल करून असा संपर्क टाळला तर परवानगी होती. कुस्ती किंवा रग्बीच्या बाबतीत ही व्याख्या सरळ लागू पडते. आइस हॉकीत ‘चेक’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रतिस्पर्ध्याला अडवणे असा आहे आणि ते अडवणे स्टिकनेही होते, जागा अडवूनही होते आणि अंगानेही होते. यांपैकी शेवटच्या प्रकाराला बॉडी चेक म्हणतात. नियमानुसार तो पक (खेळातील रबरी चकती) ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरच, खांद्याने किंवा कमरेने आणि पकपासून त्याला वेगळे करण्यासाठीच करता येतो. कोपराने मारणे, दुरून वेग घेऊन आदळणे, असुरक्षित स्थितीतल्या खेळाडूला कडेच्या फळीवर ढकलणे हे सगळे आधीपासूनच दंडपात्र आहे. म्हणजे बॉडी चेक हेतुपुरस्सर असतो यात शंका नाही, परंतु तो क्षणभराचा असतो. याउलट फळीजवळ पकसाठी दोघे-तिघे एकमेकांना रेटत उभे राहतात, गोलसमोरच्या जागेसाठी झटापट होते, फेस-ऑफला (खेळ सुरू करताना पकसाठीच्या झुंजीत) दोन सेंटर एकमेकांच्या तोंडासमोर वाकतात, तेव्हा संपर्क अधिक काळ टिकतो आणि श्वासाचे अंतरही कमी असते. चेकिंग काढून टाकले तरी हे सारे खेळात शिल्लक राहते.

संपर्क ठेवायचा आणि चेकिंग वगळायचे ही विभागणी हॉकीला अपरिचितही नव्हती. 1990मध्ये ओटावात झालेल्या पहिल्या अधिकृत महिला विश्व अजिंक्यपदात बॉडी चेकिंगला मुभा होती. ती नंतर काढून घेतली गेली आणि पुढची तीन दशके महिलांचा आंतरराष्ट्रीय खेळ चेकिंगविना, तरीही पुरेशा अंगझटीने खेळला गेला. हा तयार नमुना हाताशी असताना प्रांत आणि लीग यांच्यातील सार्वजनिक चर्चा ‘धडक हवी की नको’ या प्रश्नावरच अडकून पडली, हे मला त्या हिवाळ्यातील सर्वांत मोठे अपयश वाटते. बंदिस्त ड्रेसिंग रूम, तासन्‌तास चालणारे बसप्रवास आणि दूरगावच्या मुलांना सांभाळणारी यजमान कुटुंबे हे धोक्याचे खरे प्रश्न त्यामुळे मागे पडले.

मंत्र्यांच्या भूमिकेला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. मार्चमध्ये 120 गुणांवर थांबलेल्या त्याच ऑस्ट्रियन सेंटरला पुढे संसर्गानंतर हृदयस्नायूचा दाह झाला आणि 2021च्या आरंभी त्याला खेळापासून दूर राहावे लागले. तरुण आणि तंदुरुस्त खेळाडूंना या आजाराचे भय नाही, हा समज किती पोकळ होता ते यावरून दिसते. पण त्याच प्रांतात, जानेवारी 2021च्या मध्यापासून टोरोंटो आणि ओटावा येथील व्यावसायिक संघ पूर्ण बॉडी चेकिंगसह खेळत होते. त्यांच्याकडे रोजच्या चाचण्यांचा खर्च पेलण्याची ऐपत होती, हा फरक खरा आहे. ज्युनियर संघांचे उत्पन्न मुख्यतः तिकिटांवर चालते. ऑन्टॅरिओतल्याच लंडन शहराच्या संघाचे रिंक सुमारे 9,000 आसनांचे आहे, तर लहान गावांतील संघ त्याच्या अर्ध्याहून कमी प्रेक्षकांवर वर्ष काढतात. प्रेक्षकांविना खेळायचे आणि वर चाचण्यांचा भार सोसायचा, हे सरकारी मदतीशिवाय अशक्य होते. याच प्रांताने 2018मध्ये या खेळाडूंना किमान वेतनासारख्या कामगार हक्कांच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे ठरवले होते. कामगार म्हणून संरक्षण नाही आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून मिळणारी मोकळीकही नाही, अशा मधल्या जागी हे तरुण उभे होते.

क्युबेकमध्ये सरकारने वेगळी अट घातली. तेथे चेकिंगवर वाद झाला नाही. मारामारीला आळा घालण्याच्या बदल्यात संघांना आर्थिक साहाय्य देण्यात आले आणि ऑक्टोबर 2020पासून मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटांच्या दंडावर आणखी दहा मिनिटे बाहेर बसावे लागू लागले. मारामारीचा साथीशी तसा थेट संबंध नव्हता, पण करार झाला आणि अनेक खंडांनंतरही ती लीग जून 2021मध्ये व्हिक्टोरियाविलच्या विजेतेपदापर्यंत पोहोचली. पश्चिमेकडील लीगने फेब्रुवारीच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने प्रत्येकी 24 सामन्यांचा हंगाम घेतला. सॅस्कॅचेवान व मॅनिटोबाचे संघ रेजायना या एकाच शहरात राहिले आणि सीमेपलीकडचे पाच अमेरिकन संघ आपसांत खेळले. तेथे विजेतेपद दिले गेले नाही, तरी खेळाडूंना बर्फावर उतरता आले.

ऑन्टॅरिओत तसे घडणे अधिक कठीण होते. इरी, सॅगिनॉ आणि फ्लिंट हे तीन अमेरिकन संघ बंद सीमेपलीकडे होते आणि त्यांची संख्या स्वतंत्र गट करण्याइतकी नव्हती. मिसिसागा आणि ब्रॅम्पटन ही नावे कॅनडाशी नाते असलेल्या मराठी घरांना परिचित आहेत. ती शहरे ज्या पील विभागात येतात तेथे आणि टोरोंटोत 23 नोव्हेंबर 2020पासून टाळेबंदी होती, आणि मिसिसागाचा संघ या लीगचाच भाग होता. 26 डिसेंबरला प्रांतभर निर्बंध आले, 14 जानेवारीला घरीच राहण्याचा आदेश निघाला आणि 4 फेब्रुवारीची तारीख आपोआप मागे पडली. वसंताच्या आरंभी मोजक्या शहरांत संघ एकत्र ठेवून छोटा हंगाम खेळवण्याबाबत सरकार आणि लीग यांची सहमती झाली होती, असे लीगने नंतर सांगितले. पण 8 एप्रिलला पुन्हा घरीच राहण्याचा आदेश आला आणि महिन्याच्या मध्यास प्रांतातील दैनंदिन रुग्णसंख्या 4,800च्या आसपास गेली. 20 एप्रिल 2021 रोजी हंगाम अधिकृतपणे रद्द झाला. एप्रिलमधील हा निर्णय अटळ होता असे माझे मत आहे; प्रश्न आहे तो नोव्हेंबर ते जानेवारी या काळात एका शब्दावर खर्च झालेल्या वेळेचा.

दरम्यान ज्यांना शक्य होते ते खेळाडू बाहेर पडले. पीटरबरो आणि बॅरी येथील दोन तरुण अनुक्रमे स्वित्झर्लंड आणि स्लोव्हाकियात खेळले आणि जुलै 2021मध्ये नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या व आठव्या क्रमांकावर निवडले गेले. एरवी ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या वीस वर्षांखालील खेळाडूला तेव्हा थेट अमेरिकन हॉकी लीग या दुसऱ्या फळीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळता येत नव्हते. त्या वर्षी लीगच बंद असल्याने त्याला अपवाद करण्यात आला आणि 2020च्या ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेलेला सडबरीचा सेंटर कॅलिफोर्नियात खेळू शकला. एप्रिलअखेर टेक्ससमध्ये सुरू झालेले अठरा वर्षांखालील विश्व अजिंक्यपद मेच्या आरंभी कॅनडाने जिंकले, आणि त्या संघातील या लीगच्या, परदेशी न खेळलेल्या मुलांसाठी वर्षभराहून अधिक काळातील ते पहिलेच खरे सामने होते. परदेशी जाण्याइतके नाव किंवा पैसा ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी घराजवळच्या बंद रिंकशिवाय काहीही नव्हते.

गुणतक्ताच नसल्यामुळे 2021मध्ये लीगच्या संघांनी नवे ज्युनियर खेळाडू निवडण्याचा क्रम सर्व 20 संघांच्या सोडतीने ठरवावा लागला आणि पहिला क्रमांक सडबरीला मिळाला. पुढचा हंगाम 7 ऑक्टोबर 2021 रोजी 68 सामन्यांच्या नेहमीच्या स्वरूपात, बॉडी चेकिंगसह सुरू झाला, हॅमिल्टनने तो जिंकला आणि जून 2022मध्ये सेंट जॉन येथे मेमोरियल कप पुन्हा दिला गेला. 2004मध्ये जन्मलेल्या बहुतेक खेळाडूंनी त्या हंगामात लीगमध्ये पाऊल ठेवले तेव्हा ते सतरा वर्षांचे झाले होते किंवा होण्याच्या बेतात होते. प्रत्येक संघाला वीस वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात, म्हणजे लीगभरात साठ जागा; 2000 साली जन्मलेल्यांसाठी असलेल्या त्या साठ जागा 2020-21मध्ये भरल्याच गेल्या नाहीत आणि वयाच्या नियमामुळे पुढच्या वर्षी त्यांना परतता आले नाही.